लताबाईंच्या स्लॅबखाली

चिपळूणला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "गुरुजी, नगरला जाऊन आलात म्हणे. काय काय पाहिलंत?" शिर्डी केली असेल, शिंगणापूर केलं असेल, निदान किल्ला तरी बाहेरून पाहिला असेल, अशी बिचाऱ्यांची समजूत. मी यातलं काहीच केलं नाही. शेवगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर एका बाईच्या घराचा स्लॅब तेवढा पाहून आलो. आणि खरं सांगतो, कुठल्या गाभाऱ्यात उभं राहून छातीत धडधडलं नसेल एवढं त्या स्लॅबखाली धडधडलं. हे सांगायला लागलं की लोक घड्याळ बघतात. म्हणून लिहून काढतो.

नगर

माझी भाची मृणाल नगरला असते. ती सिव्हिल इंजिनिअर. "मामा, थंडीत हुरडा खायला ये," असं तिचं दर वर्षीचं आमंत्रण, आणि दर वर्षीची माझी टाळाटाळ. या खेपेला गेलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "हुरडा वस्तीवर खाऊ. पण आधी थोडं काम आहे." तिच्या आईचंही असंच असतं, आधी गोड बोलावणं आणि मग पाट्या उचलायला लावणं.

काम असं होतं. मृणाल एका नव्या सिमेंटच्या मागे आहे. नेहमीच्या सिमेंटला चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात. कोळशाचा धूर होतो तो वेगळा, पण भाजताना त्या दगडाच्या पोटातूनही वायू बाहेर पडतो, आणि तोच वायू साऱ्या जगाचं तापमान वाढवतोय. "धुरांडं कितीही सुधारा मामा, तो निघणारच. म्हणून भाजलेला दगडच निम्म्यावर आणायचा. बाकीच्या जागी कमी आचेवर भाजलेली माती आणि न भाजलेल्या चुनखडीची पूड."

आमच्याकडे खाडीकाठी शिंपले भाजून चुना करायचे. त्या भट्ट्यांचा धूर मी लहानपणी पोटभर खाल्लाय. शिंपल्याच्या पोटातूनही काही निघत असेल हे चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हे नवं सिमेंट रंगाने जरा तांबूस, आणि थंडीत सुरुवातीला ताकद धरायला जरा सावकाश. त्या भागात ते पहिल्यांदा वापरायचं धाडस दत्तू गिते नावाच्या मिस्त्रीने केलं होतं, आणि तेही कुठे, तर सख्ख्या बहिणीच्या, लताबाईंच्या घराला. स्लॅब टाकून महिना होत आला होता. तिकडे पंधरवड्यात टेकू काढून मोकळे होतात. मृणालने ते काढू दिले नव्हते. स्लॅबच्या दिवशी त्याच कालवलेल्या काँक्रीटमधून तिने तीन ठोकळे भरून घेतले होते आणि लताबाईंच्या पिंपात, पाण्याखाली ठेवले होते. ते आता नगरच्या प्रयोगशाळेत नेऊन, यंत्रात दाबून फोडायचे. आकडा चांगला आला की टेकू काढायचे.

"आणि नाही आला तर?" मी विचारलं.

"तर लताबाईंचे थोरले दीर स्लॅब फोडणार आहेत. मशिनवाला सांगून ठेवलाय त्यांनी."

मी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला आणि चपला घातल्या.

वस्तीवर

करंजीचा घाट उतरला की मुलूख बदलतो. आमच्याकडे डोंगर उतरला की झाडी दाट होते. इथे उलटं, जसजसं पुढे जावं तसतशी झाडं एकमेकांपासून लांब लांब उभी राहतात. तिसगाव मागे पडलं आणि उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी. शेवगावात मिसळ खाल्ली. ती तिखट लागल्याचं मी मृणालला कळू दिलं नाही, पण पाणी मागवण्याच्या माझ्या घाईवरून हॉटेलवाल्याला कळलं असावं.

वस्ती म्हणजे तीन-चार घरं, मधे अंगण, चारी बाजूंना कांदा आणि ज्वारी. एका अंगाला थोरले दीर बाजीराव यांचं जुनं घर. त्यांची बायको मुलांच्या शिक्षणासाठी नगरला, त्यामुळे आई त्यांच्याकडे. समोर लताबाईंचं पत्र्याचं शेड, आणि त्याला लागून नवं घर. घर कसलं, टेकूंचं रान. दारातून आत पाहिलं तर बांबू आणि लोखंडी नळ्या इतक्या दाट की मांजरही वाट चुकावं. लताबाईंचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर, हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडेच. म्हणजे बाई एकटी, आणि डोक्यावर हा स्लॅब.

दत्तू अंगणातच होता. चाळिशीचा, बोलायला कमी. बाजीरावांनी त्याची कसर भरून काढली.

"गुरुजी, तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा. सगळा तालुका एक शिमेट वापरतो आन आमच्या घराला हे तांबडं. लोकं इचारत्यात, बाजीराव, स्लॅबला मुरूम वापरला का?"

त्यांची म्हातारी आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मातीचं घर पाडलं आन मातीचंच बांधलं. मंग पाडलं कशाला?"

मला हसू आलं होतं, पण लताबाईंकडे पाहून ते गिळलं. त्यांनी भाकरी थापताना हात थांबवला नव्हता, फक्त जरा जोरात थापायला लागल्या होत्या.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. कुळथाची पिठी जन्मभर खाल्लेल्या माणसाला वाटतं की कुळीथ आपल्यालाच कळतो. तो माझा समज त्या दुपारी गळून पडला. लसणाच्या झणझणीत रश्शात शिजलेली ती वेटोळी मी दोनदा मागून घेतली, आणि बाजीरावांनी पहिल्यांदा माझ्याकडे बऱ्या नजरेने पाहिलं.

जेवण झाल्यावर लताबाईंनी नव्या घरामागच्या पिंपात दंडापर्यंत हात घालून एकेक ठोकळा काढला. वीतभर लांबी-रुंदीचा, तेवढाच उंच. मृणाल खूश झाली. "किती स्वच्छ ठेवलेत. आमच्या प्रयोगशाळेतही इतके स्वच्छ नसतात."

"पावन्यांच्या हातात मळकं द्यायची रीत न्हाई आमच्यात," म्हातारी ओट्यावरून म्हणाली.

ओल्या पोत्यात गुंडाळून ठोकळे गाडीत ठेवले. निघताना दत्तू मृणालच्या खिडकीशी आला. "म्याडम, आकडा आला की आधी मला सांगा. बाजीरावांना मागनं सांगू. आन वाईट आला तर," तो बहिणीकडे बघत म्हणाला, "तिला मी सांगतो. तुमी नका सांगू."

हुरडा खायचा राहिला हे मला घाटात आठवलं.

एमआयडीसी

घाटातल्या वळणांवर ठोकळे घरंगळू नयेत म्हणून मृणालने ते मागच्या सीटवर ठेवले होते आणि मला त्यांच्या शेजारी. पहिल्याच वळणाला एक माझ्या मांडीवर आला. पोत्यातलं पाणी विजारीत मुरलं. नगरात शिरताना चहाला थांबलो तेव्हा टपरीवरचे लोक माझ्या विजारीकडे पाहून नजर दुसरीकडे वळवत होते. या वयात माणसाच्या ओल्या विजारीचा एकच अर्थ लोक काढतात. "काँक्रीटचं पाणी आहे ते," मी टपरीवाल्याला सांगितलं. तो सहानुभूतीने "व्हय, व्हय" म्हणाला.

प्रयोगशाळा म्हणजे एमआयडीसीतली एक शेड. तिथले साहेब, एक सडपातळ गृहस्थ, फार आदराने मृणालला या म्हणाले आणि ठोकळ्यांना त्याहून आदराने. पहिला ठोकळा यंत्रात ठेवला. वरचा लोखंडी पाट त्यावर टेकला आणि काटा चढायला लागला. मृणाल ओठ दाताखाली धरून उभी होती. काटा चढता चढता अचानक मऊ आवाज झाला, पाव मोडल्यासारखा, आणि काटा खाली आला.

"लवकर गेला," साहेब म्हणाले.

दुसरा त्याच्याही आधी गेला. तिसरा यंत्रात ठेवताना मृणालने माझा दंड धरला होता. तोही गेला.

साहेबांनी एक तुकडा हातात घेऊन उजेडात फिरवला. "ताई, हे पाण्यातच होते ना सगळे दिवस?"

"होते. मी स्वतः पाण्यातून काढून आणलेत."

"नाही, तडे जरा जुने वाटतात म्हणून विचारलं."

बाहेर येऊन तिने दत्तूला फोन लावला. मी शेजारीच होतो. तिने आकडा सांगितला, हवा होता तो आकडाही सांगितला. पलीकडे कुठेतरी सिमेंट कालवायचं मशिन फिरत असल्याचा आवाज येत होता. त्या आवाजातून तो म्हणाला, "माज्या हातनं काय चुकलं म्याडम? वाळू धुवून घेतली हुती. पानी मापून घातलं." मला त्या क्षणी त्या साऱ्या तांबड्या सिमेंटचा राग आला. हवा सुधारायला निघालेल्यांनी एका गरीब बाईच्या डोक्यावरचं छप्पर कशाला पणाला लावावं, असं वाटलं, आणि तसं मी मृणालला बोललोही. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा वस्तीवर

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. वाईट बातमी फोनवर देऊन घरी बसायचं मृणालला पटेना. शेवगावात मिसळीचं नावही कोणी काढलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा बाजीराव आणि दत्तू दोघेही यायचे होते. लताबाई शेडच्या दारात बसल्या होत्या. दत्तूने त्यांना सांगितलं होतं हे चेहऱ्यावरून कळत होतं. डोळे सुजलेले, पण आमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला त्या उठल्याच. तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली, आमच्या गाडीत डोकावली, मागे पाहिलं, पुढे पाहिलं.

"दगडं न्हाई आनली व्हय?"

"कसले दगड, आजी?" मृणालने विचारलं.

"त्येच, तीन. तुमी काल नेलेले. चौकोनी. पान्याच्या चुलीला लई ब्येस बसत्यात. इटा हालत्यात, पातेलं कलंडतं. तुमी येनार म्हनून कळलं तवा राखंनं घासून पिंपात टाकली म्या. आता परत मांडायची तर दगडं कुठं हायत?"

मला आधी समजलंच नाही. मग मृणालकडे पाहिलं आणि समजलं. लताबाई आठवडाभर राहात्याला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आम्ही पहिल्यांदा येण्याच्या आदल्या दिवशीच परतल्या होत्या. त्या अवधीत म्हातारीने पिंपातून ते ठोकळे काढून बाजीरावांच्या घरामागे चूल मांडली होती. रोज पहाटे जाळ, वर पाण्याचं भगुलं. मग पाहुणे येणार म्हणून थंडगार पाण्यात. तीन सारख्या मापाचे दगड दिसले की दुसरं काय सुचणार? आमच्या आईलाही तेच सुचलं असतं. ठोकळे पाण्यातच का ठेवायचे, हे मृणालने लताबाईंना सांगितलं होतं. म्हातारीला कोणी सांगितलं नव्हतं.

मृणाल हसायला लागली, मग थांबली. "आजी, त्या दगडांवर या घराची परीक्षा होती. ते भाजले गेले म्हणून फुटले."

म्हातारीच्या तोंडाकडे मी पाहत होतो. तिला सगळं एका दमात कळलं. ती काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसली आणि पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात बाजीराव आले. मागे दत्तू, आणि त्याच्या मागे टेम्पोत स्लॅब फोडायचं मशिन घेऊन एक माणूस. बाजीराव उभ्याउभ्याच दत्तूवर तुटून पडले. बहिणीच्या घरावर प्रयोग केले, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, भावाच्या हट्टापायी घर गेलं. दत्तू खाली मान घालून ऐकत होता. मृणाल पुढे होऊन सांगायला लागली, "थांबा बाजीराव. ते ठोकळे भाजले गेले होते. चुलीला..."

तिने ओट्याकडे पाहिलं. म्हातारीची नजर जमिनीवर होती.

"चुलीला म्याच लावले," लताबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. चहाची किटली हातात तशीच होती.

"राहात्याला जायच्या आधी म्याच दिले आत्यांना. म्हनलं, तेवढे दिवस वापरा. मला कळलं न्हाई."

दत्तू बहिणीकडे पाहतच राहिला. बाजीरावांना तर कोलीतच मिळालं. "भाऊ तसा, बहीन तशी," इथून सुरुवात करून ते बायकांच्या अकलेपर्यंत गेले. लताबाईंनी सगळं ऐकलं आणि सर्वांना चहा दिला. म्हातारीला पहिला दिला. म्हातारीने तो घेतला.

मी नंतर पिंपाजवळ लताबाईंना गाठलं. "हे काय केलंत?"

"मला बोलतील गुरुजी, चार दिसांनी इसरतील. आत्यांना बोलले तर त्या जेवायच्या न्हाईत. मला ठाव हाय त्यांचं. तुमी बी नका काय बोलू."

मास्तरकीत खोटं बोललेली पोरं मी पुष्कळ पकडली. इथे पकडूनही गप्प बसावं लागलं.

पण खरं-खोटं काहीही असो, स्लॅबचा प्रश्न तिथेच होता. बाजीराव म्हणाले, "ठोकळं भाजलं म्हनून फुटलं, मान्य. पन भाजलं नसतं तर टिकलं असतं कशावरनं?" मृणालने प्रयोगशाळेच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ठोकळे गेले तर गेले, आता स्लॅबलाच विचारू. त्यावर वजन चढवायचं, एक दिवस ठेवायचं, किती वाकतो ते मोजायचं, वजन उतरवून किती परत येतो ते पाहायचं. टेकू काढायचे नाहीत, फक्त बोट जाईल इतके खाली घ्यायचे, म्हणजे कोसळला तर झेलतील.

"वजन कशाचं?" दत्तूने विचारलं.

सगळ्यांनी बाजीरावांच्या खळ्याकडे पाहिलं. तिथे बाजाराला न्यायच्या कांद्याच्या गोण्या रचल्या होत्या.

"म्हंजे स्लॅब पडला तर कांदा बी जायचा," बाजीराव म्हणाले. पण नाही म्हटलं तर आपल्याच तोंडाने स्लॅब पडणार असं म्हटल्यासारखं होईल, अशी भीती त्यांनाही वाटली असावी. त्यांनी गोणीला हात घातला.

साहेब दुपारी आले. स्लॅबखाली मधोमध त्यांनी घड्याळासारखी तबकडी बसवली, तिचा काटा स्लॅबच्या पोटाला टेकवला. दत्तूने एकेक टेकू स्वतः सैल केला. मग वरून गोण्या. मोजून, ओळीने, सावकाश. मशिनवाला आपलं मशिन बाभळीखाली ठेवून कडब्यावर बसला. कुणीतरी आगटी पेटवली. माझा हुरडा मला अखेर मिळाला, गरम, राखेतून काढून तळव्यावर चोळलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी. चव चांगली होती म्हणतात. मी अर्धं लक्ष तबकडीकडे ठेवून खात होतो. प्रत्येक ओळ चढली की काटा हलायचा, आणि दत्तू वाकून पाहायचा.

शेवटची गोणी वर गेली तेव्हा वरून कडकन कसलासा आवाज आला. आम्ही सगळे दाराबाहेर आलो होतो कधी ते कळलंच नाही. आत एकटा दत्तू उरला. "फळीचा आवाज हाय," तो आतून म्हणाला.

त्या दिवशी मी आणि मृणाल शेवगावात लॉजवर राहिलो. दत्तू मात्र बहिणीच्या शेडपुढे बाजेवर पडून राहिला. झोपला होता की नाही हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काटा पाहिला, गोण्या उतरवायला सांगितल्या, पुन्हा पाहिला, मग थोडं थांबून परत पाहिला. ते काय म्हणतील म्हणून आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय हे त्यांना माहीत होतं, तरी चष्मा पुसायचा राहिला नाही. "चांगला आहे," ते म्हणाले. "वाकायला हवा होता त्याहून कमी वाकला, आणि जवळजवळ सगळा परत आला. काढा टेकू."

दत्तू पहिल्या टेकूशी वाकला. मृणालने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती आता रडली.

टेकू निघायला दुपार झाली. खोली बघता बघता मोठी होत गेली. शेवटचा टेकू निघाला तेव्हा अंगणातले सगळे आत आले, मशिनवालाही. वर पाहिलं तर फळ्यांचे ठसे उमटलेला तांबूस, सपाट स्लॅब. लताबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. बाजीराव आता खुशीत होते. कांदा वाचला होता, घर वाचलं होतं, आणि सगळं आपल्या देखरेखीखाली झालं असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"आमच्या भावजयीनं बाकी घर बुडवायचंच बाकी ठेवलं हुतं," ते मशिनवाल्याला म्हणाले. "ही चूल मांडनार आन आमी स्लॅब फोडनार."

मशिनवाला हसला. आणखी दोघं-तिघं हसले. लताबाईही कसनुशा हसल्या.

"लता राहात्याला हुती," म्हातारी म्हणाली.

ती दारात उंबऱ्याजवळ उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण रिकाम्या खोलीत तो घुमला.

"चूल म्या मांडली, बाजीराव. तुज्या आंगुळीच्या पान्याला."

बाजीरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. म्हातारी त्यांच्याकडे न पाहता आत आली, सुनेजवळ गेली, तिच्या हाताला धरलं आणि तिला भिंतीपासून हलवून खोलीच्या मधोमध आणून उभं केलं.